बालकाचे मौन आणि शिक्षकाचे कर्तव्य

नेहमी हसतमुख असणारे मूल अकस्मात अबोल होते, मधल्या सुटीत एकटेच बसू लागते, एखाद्या घरी जाण्याचे नाव काढताच रडू लागते. असा बदल पुष्कळदा प्रथम शिक्षकाच्याच दृष्टीस पडतो. आजार, घरातील कलह, मारझोड अशी त्याची कारणे अनेक असू शकतात. तथापि लैंगिक अत्याचार हेही त्यांपैकी एक असते, आणि संकोचामुळे त्याचाच विचार सर्वांत शेवटी केला जातो.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली यासंबंधीचा पाहणी-अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व गोवा धरून १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी या पाहणीत बोलणे झाले. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून किंचित अधिकच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक बालकांच्या ओळखीचे वा विश्वासातील होते. आणि बहुसंख्य बालकांनी ही गोष्ट कोणासही सांगितली नव्हती. धोका केवळ परक्याकडून व केवळ मुलींनाच असतो, हा समज येथे खोटा ठरतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ साली असे प्रतिपादन केले की, असा अत्याचार घडण्यास चार गोष्टी जुळून याव्या लागतात : करणाऱ्याच्या मनातील प्रवृत्ती, त्याच्या मनाचा सुटलेला आळा, भोवतालच्या देखरेखीचा अभाव आणि बालकाच्या विरोधावर केलेली मात. ‘नाही’ म्हणण्यास बालकास अवश्य शिकवावे. परंतु सारा भार त्या कोवळ्या जिवावर टाकणे अन्यायाचे होय. देखरेख ही वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे. बालकास एकटे बंद खोलीत थांबवून घेण्याची प्रथा कोणत्याही शाळेत नसावी. शरीराच्या अवयवांची योग्य नावे त्यास ठाऊक असावीत. भय वाटावयास लावणारे गुपित पाळावयाचे नसते, हेही त्यास सांगावे.

बालक बोलू लागल्यास शिक्षकाने शांतपणे ऐकावे. उलटतपासणी करू नये, रागावू नये, आणि ‘कोणासही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझा दोष नाही,’ एवढे शब्द पुरेसे असतात.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमान्वये अशी माहिती पोलिसांस कळविणे बंधनकारक असून, न कळविणे हा दंडनीय अपराध आहे. १०९८ या दूरध्वनी क्रमांकावरही साहाय्य मिळते. बालकाचे नाव गावात उघड होता कामा नये. संशयित मनुष्य गावचा प्रतिष्ठित असो वा शाळेतील सहकारी असो, प्रकरण आपसांत मिटविण्याचा अधिकार कोणासही नाही. गावाची अब्रू राखण्यासाठी बालकास गप्प बसविले गेले, तर पुन्हा बोलण्याचे धैर्य त्यास क्वचितच होते. म्हणून त्याचा पहिला शब्द ऐकून घेणारा शिक्षकच त्याचा खरा आधार होय.