दाट वंगण न सांडता कसे भरावे?

गावाला पाणी पुरविणारा टँकर, शेतमाल वाहणारा ट्रॅक्टर किंवा आरोग्य केंद्राची जीप यांपैकी एखादे वाहन बंद पडले की त्याची झळ साऱ्या गावाला पोहोचते. या वाहनांच्या इंजिनातील तेलाकडे चालकाचे सहसा लक्ष असते. गिअरपेटी आणि मागील आसावरील डिफरन्शियल यांतील तेल मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. याचे कारण केवळ निष्काळजीपणा नव्हे. वाहनाखाली आडवे होऊन, हात व कपडे माखून घेऊन करावयाचे हे काम सर्वांनाच नकोसे वाटते आणि म्हणून ते पुढे ढकलले जाते. तेल कमी पडले की दंतचक्रे व बेअरिंगे तापतात, झिजतात आणि अखेरीस तुटतात. काही लिटर तेलाची टाळाटाळ अशा प्रकारे फार मोठ्या दुरुस्तीला आमंत्रण देते. हे काम स्वच्छपणे करण्याची रीत ठाऊक असेल, तर ते वेळेवर होण्यातील मुख्य अडसर दूर होईल.

अडचण कोठे आहे?

बहुतेक जीप, टेम्पो व ट्रक यांच्या गिअरपेटीला आणि डिफरन्शियलला तेल भरण्याचे छिद्र वर नसून बाजूला असते. त्यामागे हेतू आहे. या छिद्राची खालची कड हीच तेलाची योग्य पातळी होय. तेल तेथवर आले की भरणे पुरे झाले. परंतु वरच्या बाजूस वाहनाचा सांगाडा असल्यामुळे तेथे डबा उलटा करता येत नाही. त्यातच तेल अतिशय दाट. कारागीर ज्याला 'नव्वद नंबर' म्हणतात, ते तेल ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पाण्याच्या सुमारे दोनशे ते तीनशे पट दाट असते. डबा तिरपा करून ते ओतू गेल्यास बरेचसे तेल जमिनीवर जाते.

नळीचे गणित

फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम शोधून काढला. शांतपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या दाटपणाच्या प्रमाणात घटतो. व्यास दुप्पट केला की प्रवाह सोळापट होतो.

हा नियम येथे तंतोतंत उपयोगी पडतो. सहा मिलिमीटर आतील व्यासाच्या सरळ उभ्या नळीतून ४० अंश तापमानाचे एक लिटर नव्वद नंबर तेल खाली येण्यास सुमारे ११ मिनिटे लागतात. बारा मिलिमीटरच्या नळीतून तेच तेल सुमारे ४० सेकंदांत येते. थंडीच्या सकाळी, २० अंश तापमानाला, तेल जवळजवळ तिप्पट दाट झालेले असते. म्हणून मोठ्या नळीलाही दोन मिनिटे लागतात. यावरून तीन गोष्टी ठरतात: नळी छिद्रात बसेल तेवढी रुंद घ्यावी, ती गरजेपेक्षा लांब ठेवू नये आणि तेल कोमट करून घ्यावे.

तेल कोमट करण्यासाठी डबा तास-दोन तास उन्हात ठेवणे पुरेसे असते. ऊन नसेल तर गरम पाण्याच्या घमेल्यात डबा उभा करावा, मात्र पाणी आत शिरू देऊ नये. चुलीवर, स्टोव्हवर किंवा उघड्या ज्योतीवर डबा कधीही ठेवू नये.

साधी साधने

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नरसाळे व पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. नळीचे एक टोक छिद्रात घालावे, दुसरे टोक चाकाच्या कमानीजवळून वर आणून नरसाळ्याला घट्ट बांधावे. वर एकाने तेल ओतावे आणि खाली दुसऱ्याने पातळीवर नजर ठेवावी. माणूस एकटाच असेल, तर डब्याच्या तोंडावर बसणारा हातपंप सोयीचा. थोडे तेल भरावयाचे असल्यास तेल ओढून घेणारी मोठी पिचकारी पुरते.

फवारणीचा पंप या कामासाठी वापरू नये. त्यात राहिलेले औषध व पाणी वंगणात मिसळते. प्लॅस्टिकच्या डब्यात कॉम्प्रेसरची हवा सोडून तेल ढकलण्याचा प्रयत्नही घातक आहे, कारण डबा फुटू शकतो. नळीने तेल तोंडाने ओढणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

कामाचा क्रम

वाहन दहा-पंधरा मिनिटे चालवून सपाट जागी उभे करावे, म्हणजे जुने तेल पातळ होऊन नीट निथळते. चाकांना ओंडके लावावेत. वाहन उचलावे लागल्यास ते भक्कम टेकूंवर चारही बाजूंनी सारखे ठेवावे. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये.

बुचांभोवतीची माती तारेच्या ब्रशने व चिंधीने आधी काढावी. त्यानंतर प्रथम भरण्याचे बूच सैल करावे. हा नियम विसरू नये. खालचे बूच आधी काढून तेल सांडून दिले आणि वरचे बूच गंजून अडकलेले निघाले, तर वाहन जागीच खिळून राहते.

खाली रुंद तसराळे ठेवून तेल निथळू द्यावे. बुचाला लोहचुंबक असल्यास त्यावर पिठासारखी बारीक धातूची भुकटी आढळणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे आढळल्यास मात्र तज्ज्ञ कारागिराला दाखवावे. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. ओढा किंवा पुराचे पाणी ओलांडलेल्या वाहनाची ही तपासणी अवश्य करावी.

खालचे बूच घट्ट बसवून नवे तेल भरावे. ते छिद्राच्या कडेवरून ओघळू लागताच थांबावे. जादा तेल तसराळ्यात गळू द्यावे व नव्या वॉशरसह बूच लावावे. 'थोडे अधिक असलेले बरे' हा समज चुकीचा आहे. जादा तेल सीलमधून बाहेर पडून मागील चाकांच्या ब्रेकवर आले, तर ब्रेक लागत नाहीत. हवेचे बारीक छिद्र मातीने बुजल्यासही हाच धोका संभवतो.

कोणते तेल?

गिअरच्या तेलाचे आणि इंजिनाच्या तेलाचे क्रमांक वेगवेगळ्या मापांचे आहेत. नव्वद नंबरचे गिअर तेल १०० अंश तापमानाला ४० वा ५० नंबरच्या इंजिन तेलाइतकेच दाट असते. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निवड करू नये. 'जीएल-५' जातीचे तेल डिफरन्शियलमधील जड दाबाच्या दंतचक्रांसाठी योग्य असते, पण त्यातील काही रसायने गिअरपेटीतील पितळी भागांना बाधू शकतात. तेथे पुष्कळदा 'जीएल-४' सुचविलेले असते. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक व ब्रेक यांना मिळून एकच खास तेल लागते. वाहनासोबतच्या पुस्तिकेत दिलेले तेल व परिमाण हेच अंतिम मानावे.

जुन्या तेलाची विल्हेवाट

जुने तेल वाळवीवर ओतणे, धूळ बसविण्यासाठी रस्त्यावर शिंपणे किंवा गटारात सोडणे हे प्रकार अनेक ठिकाणी आढळतात. त्याने जमीन व विहिरीचे पाणी दूषित होते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा ठरतो. ते झाकणाच्या डब्यात साठवून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाईल अशी व्यवस्था करावी. त्यात पाणी, रॉकेल किंवा ब्रेकचे तेल मिसळू नये. जमिनीवर सांडलेले तेल लाकडाच्या भुशाने टिपून घ्यावे. पाण्याने धुऊन काढू नये.

ग्रामपंचायतींना सूचना

एक हातपंप, एक तसराळे, दोन नळ्या आणि जुन्या तेलाचा नाव घातलेला डबा एवढे साहित्य ग्रामपंचायतीने एकदाच घेतले, तर गावातील सर्वांनाच त्याचा उपयोग होईल. प्रत्येक सार्वजनिक वाहनाच्या नोंदवहीत गिअरपेटी व डिफरन्शियल यांचे स्वतंत्र पान असावे आणि त्यावर तारीख, किलोमीटर किंवा तास व तेलाची जात लिहावी. शाळेतील विज्ञानशिक्षकांनी दोन नळ्या व थोडे तेल घेऊन प्रवाहाचा नियम विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावा. पुस्तकातील सूत्र गावच्या टँकरला कसे उपयोगी पडते, हे त्यांना त्यातून उमगेल.