दुधी काच बदलताना

आपल्या अजिंठ्याची चित्रं उतरवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना नेमलं. नंतर त्यांनी कॅमेराही हाती घेतला. लेण्यांचे त्यांचे फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात आले. त्या काळी कॅमेऱ्याच्या पाठीला एक दुधी काच असायची आणि फोकस त्या काचेवरच बघायचा. लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात आजही तेच चालतं. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, भाता पुढेमागे करायचा, काचेवर उलटं चित्र स्पष्ट दिसलं की तिच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा.

माझ्या रूम पार्टनरच्या आजोबांकडे असा ४ बाय ५ इंचाचा लाकडी कॅमेरा आहे. नातीच्या लग्नाआधी वाड्याच्या ओसरीवर सगळ्या घराचा एक फोटो त्यांना याच पेटीने काढायचाय. ओसरी अरुंद, म्हणून लेन्स ९० मिमीची वाइड. उजेड बेताचा. आजोबा म्हणाले, "बाळा, मधलं दिसतंय, पण कडेची माणसं आहेत का नाहीत तेच कळत नाही." (कडेला नेहमी धाकटे काका असतात, तो भाग वेगळा!)

दोष आजोबांच्या डोळ्यांचा एकट्याचा नाही. या लेन्सचा किरण फिल्मच्या कोपऱ्यावर साधारण ४० अंशांनी तिरपा पडतो. कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमाने तिथे मध्यभागाच्या फक्त एक तृतीयांश उजेड पोचतो. वर तो तिरपाच पुढे निघून जातो, डोळ्याकडे वळत नाही. काच बारीक पावडरने घासली तर मधला भाग उजळतो आणि कोपरे आणखी काळे दिसतात. म्हणजे नुसती "भारी" काच आणून भागत नाही.

इथे फ्रेनेल भिंग कामाला येतं. फ्रेनेल हा फ्रान्सचा सिव्हिल इंजिनियर (सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करावी). १८२० च्या दशकात त्याने दीपगृहासाठी पायऱ्या-पायऱ्यांचं भिंग बनवलं. तशाच पातळ प्लास्टिकच्या चकत्या आज मिळतात. ती चकती नवीन उजेड तयार करत नाही, तिरपा चाललेला डोळ्याकडे वळवते. डोळा ३०० मिमीवर धरला तर १/९० + १/३००, म्हणजे फोकल लेंग्थ ७० मिमीच्या आसपास हवी. काच स्वतःही प्रकाश पसरवते, त्यामुळे थोडी लांब चालते. पण पुस्तक वाचायचं स्वस्त चपटं भिंग या लेन्सला फारसा उपयोग देत नाही.

आता खरी मेख. चकती काचेच्या मागे, म्हणजे आपल्या डोळ्याच्या बाजूला लावायची. खाचा काचेकडे, गुळगुळीत बाजू आपल्याकडे. पुढे, लेन्सच्या बाजूला लावली तर दीड मिमी जाड अ‍ॅक्रिलिक नुसत्या जाडीने फोकस जवळजवळ अर्धा मिमी सरकवतं: १.५ × (१ − १/१.४९). एफ ५.६ ला आपल्याला मिळणारी सूट, ०.१ मिमीचा ठिपका चालवून घेतला तरी, दोन्ही बाजूंना ०.५६ मिमी. म्हणजे जवळजवळ सगळी सूट तिथेच संपली! काचेवर चित्र झकास दिसणार आणि फिल्मवर सगळं घर धूसर येणार. एफ २२ ला ही चूक झाकली जाईल, पण तेवढ्या वेळ ओसरीवरची चिल्लीपिल्ली हलल्याशिवाय बसतील का?

म्हणून आधी माप घ्या. दुधी बाजू लेन्सकडेच हवी. चौकटीच्या बैठकीपासून त्या बाजूपर्यंतची खोली व्हर्नियरच्या मागच्या पट्टीने मोजा. मग होल्डरमध्ये एक वाया गेलेली फिल्म घालून तिच्यापर्यंतची खोली मोजा. चारही कोपऱ्यांवर दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. मी ०.१ मिमीच्या आत आल्याशिवाय स्क्रू आवळले नाहीत. आता आजोबांना चारही कोपरे दिसतात. चकती पुसायला स्पिरिट मात्र वापरू नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. हवेचा फुगा आणि मऊ ब्रश पुरे.