पृथ्वी गोल कशावरून?

मुलांनो, पृथ्वी गोल आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि लगेच मान्यही करतो. पण कुणी विचारले, "कशावरून?" तर काय सांगाल? जुईनगरला राहूनही याचे उत्तर शोधता येते.

रमजानचे वेळापत्रक तुमच्या घरी असतेच. जुईनगरला मगरिबची अजान होते, तेव्हा नागपूरच्या लोकांचा रोजा सुटून सुमारे पंचवीस मिनिटे झालेली असतात. घड्याळातली वेळ तर दोन्हीकडे एकच! मग असे का? नागपूर आपल्या पूर्वेला आहे, म्हणून तेथे सूर्य आधी मावळतो. पृथ्वी टेबलासारखी सपाट असती, तर सूर्य सगळीकडे एकाच वेळी मावळला असता.

हे झाले पूर्व-पश्चिम दिशेचे. उत्तर-दक्षिण दिशेसाठी ध्रुवतारा पाहा. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली, की दोन मुठी साधारण 20 अंश होतात. जुईनगरहून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ तितकाच, म्हणजे 19 अंश उंच दिसतो. श्रीनगरला तो 34 अंशांवर असतो, तर कन्याकुमारीला एका मुठीपेक्षाही खाली. (नवी मुंबईच्या झगमगाटात हा तारा चटकन सापडत नाही. हिवाळ्यातली स्वच्छ रात्र निवडा.)

आता चंद्रग्रहण. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. चंद्रावर सरकत जाणारी सावली पृथ्वीची असते आणि तिची कड गोल असते. तुम्ही म्हणाल, सावली तर थाळीचीही गोल पडते. खरे आहे, पण थाळी आडवी धरली, की तिची सावली पट्टीसारखी होते. ग्रहण संध्याकाळी असो की मध्यरात्री, पृथ्वीच्या सावलीची कड नेहमी गोलच असते. कोणत्याही बाजूने गोल सावली फक्त चेंडूची पडते.

समुद्रावरही हे दिसते. ठाण्याची खाडी मात्र उपयोगाची नाही, कारण तिचा पलीकडचा काठ फार जवळ आहे. लोकलने मुंबईला जा आणि मरीन ड्राइव्हवर उभे राहा. दूर जाणारे जहाज नुसते लहान होत नाही. आधी त्याचा खालचा भाग दिसेनासा होतो, मग वरचा. दुर्बिणीतूनही खालचा भाग परत दिसत नाही, कारण मध्ये पाण्याचा फुगवटा आलेला असतो. पाण्याच्या काठाशी उभ्या असलेल्या मुलाला क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर दिसते. तोच मुलगा दहा मजली इमारतीच्या गच्चीवर गेला, तर त्याला वीस किलोमीटरपर्यंत दिसते.

उंचीवरून क्षितिज नुसते लांब जात नाही, थोडे खालीही झुकते. अल्-बीरूनी या विद्वानाने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी याचाच उपयोग केला. नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची त्याने मोजली, मग माथ्यावरून क्षितिज किती अंश खाली दिसते तेही मोजले. हा किल्ला आज पाकिस्तानातील पंजाबात आहे. एवढ्या दोन मापांवरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. ती आजच्या सुमारे 6,371 किलोमीटर या मापाच्या अगदी जवळ होती.