पहिल्या बाईंचे आभार



लूककृत शुभवर्तमानात (१७:११-१९) दहा कुष्ठरोगी बरे होतात, पण आभार मानायला एकच परत येतो. बाकीचे नऊ वाईट होते असे तेथे म्हटलेले नाही; ते फक्त पुढे निघून गेले. आपल्या पहिल्या शिक्षिकेच्या बाबतीत आपणही असेच करतो.

आपल्या सेवाग्रामात १९४५ च्या परिषदेनंतर नई तालीममध्ये सात वर्षांखालील बालकांचाही समावेश झाला. शांताबाई नारुलकर यांनी तेथे पूर्व-बुनियादी शिक्षणाचे काम केले. स्वच्छता, आरोग्य, आहार, खेळ हाच त्या वयाचा अभ्यास. हे शिक्षण अंगवळणी पडते, म्हणूनच शिकवणारीचा विसर पडतो. आठवण होते तेव्हा पुष्कळदा बाई हयात नसतात.

मग काय करावे? दिवंगत बाईंसाठी मिस्सा अर्पण करावी. उशिराचे आभारही प्रार्थना होतात. ज्या हयात आहेत, त्यांना याच आठवड्यात भेटावे. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेत आज आपली नातवंडे शिकतात. तेथील ताईंना मुलांसमोर धन्यवाद द्यावेत. मुले तेही शिकतील.

चिंतनासाठी प्रश्न : माझ्या पहिल्या बाईंचे नाव मला आठवते का?