संगणकावरील फाईली न उघडणे : कारणे व उपाय

वार्षिक परीक्षेचे गुण घरच्या संगणकावर भरून ठेवणे आता पुष्कळ प्राथमिक शिक्षकांच्या अंगवळणी पडले आहे. एप्रिलअखेर निकालपत्रक उघडावयास जावे, तो नेहमीच्या हिरव्या चित्राऐवजी कोरा पांढरा कागद दिसावा, आणि दोनदा टिचकी मारली असता ‘ही फाईल कशाने उघडू?’ असा उलट प्रश्न संगणकानेच करावा, हा प्रसंगही त्यामुळे नवा राहिलेला नाही. एका द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींवर तो आला तेव्हा ते संगणक घेऊन दुकानात गेले. ‘फॉरमॅट मारू का?’ असे दुकानदाराने विचारले. गुरुजींनी मान हलविली. संगणक लख्ख झाला, पण दोन वर्षांच्या मूल्यमापनाच्या नोंदी गेल्या. वस्तुतः त्या क्षणापर्यंत त्या नोंदी संगणकात जशाच्या तशा होत्या. बिघडली होती ती फक्त कोणती फाईल कोणत्या प्रोग्रॅमने उघडावयाची, याची नोंद.

ही नोंद कशी चालते ते प्रथम पाहू. प्रत्येक फाईलच्या नावाच्या शेवटी एक टिंब व त्यापुढे काही अक्षरे असतात. या शेपटास एक्स्टेन्शन म्हणतात. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉस प्रणालीत नावास आठ व शेपटास तीन अक्षरांचीच मुभा होती. १९९५ च्या विंडोजने ते बंधन सैल केले. जुन्या वर्ड फाईलीचे शेपूट डीओसी असे तीन अक्षरी, तर ऑफिस २००७ पासूनचे डीओसीएक्स असे चार अक्षरी, ते यामुळेच. विंडोज फाईलच्या पोटात डोकावत नाही. शेपूट पाहते, आपल्या नोंदवहीत त्यापुढे कोणत्या प्रोग्रॅमचे नाव आहे ते शोधते आणि फाईल त्याच्या हवाली करते. तो प्रोग्रॅम कोणी काढून टाकला, अथवा नव्या प्रोग्रॅमने त्या जागी आपलेच नाव घातले, की फाईल भलत्या दारी जाऊन पडते.

विंडोज हे शेपूट मुळात झाकून ठेवते. ही सोय नसून अडचणच आहे, असे म्हणणे भाग आहे. फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ या यादीत ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ समोर खूण करून ते उघडे करावे. विंडोज ११ मध्ये ही ओळ ‘व्ह्यू’मधील ‘शो’च्या पोटात सापडते. शेपूट उघडे असले म्हणजे ‘हजेरी.पीडीएफ.ईएक्सई’ असे दुहेरी सोंग घेऊन आलेली लबाड फाईलही ओळखू येते.

दुरुस्ती सोपी आहे. फाईलवर माउसची उजवी कळ दाबावी, ‘ओपन विथ’ व त्यापुढे ‘चूज अनदर ॲप’ निवडावे, योग्य प्रोग्रॅम दाखवावा. विंडोज १० मध्ये ‘ऑलवेज’ने सुरू होणाऱ्या ओळीपुढे खूण करावी, विंडोज ११ मध्ये ‘ऑलवेज’ हे बटन दाबावे. हे राहिले तर फाईल त्या वेळेपुरती उघडते व दुसऱ्या दिवशी पुन्हा अडते. अनेक प्रकारच्या फाईली एकदम बिघडल्या असतील तर ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डीफॉल्ट ॲप्स’ या क्रमाने जावे. तेथील ‘रीसेट’ने सर्वच नोंदी कंपनीच्या मूळ निवडीवर जातात, म्हणून ते अखेरीस वापरावे. एक्सेलची मुदत संपल्यामुळे अथवा ते काढले गेल्यामुळे गुणपत्रक अडले असेल, तर विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस तेच पत्रक उघडते.

शेपूटच हरवले असेल तर काय करावे? अशी फाईल ‘ओपन विथ’ने नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरे पाहावीत. रोमन पी व के ही दोन अक्षरे दिसली तर ते बहुधा नवे वर्ड, एक्सेल वा तत्सम पत्रक आहे. टक्क्याच्या चिन्हापुढे पीडीएफ अशी अक्षरे असली तर ती पीडीएफ होय. पहिल्या ओळीत जेएफआयएफ दिसले तर ते छायाचित्र. बाकी सारा मजकूर किचकाट दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये. मात्र तेथे एकही अक्षर बदलू नये, आणि बंद करताना ‘सेव्ह’ विचारल्यास नकारच द्यावा. अन्यथा चांगली फाईल खरोखरीच बिघडते.

उलटपक्षी, शेपूट बदलल्याने फाईलचा प्रकार बदलत नाही. भाताच्या पोत्यावर गहू असे लिहिल्याने पोळ्या होत नाहीत. दाखल्याच्या छायाचित्रास पीडीएफचे शेपूट जोडून पाठविले की ते पलीकडे उघडत नाही व दोष मात्र संगणकास दिला जातो. छायाचित्र उघडून ‘प्रिंट’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडावे. विंडोज १० पासून ही सोय आहे. तसेच वर्डमध्ये नीट उघडलेल्या जुन्या मराठी पत्रात देवनागरीऐवजी विचित्र रोमन अक्षरे दिसली, तर ते दुखणे या लेखातील नव्हे. तेथे युनिकोडपूर्वीचा फाँट संगणकावर नसतो, इतकेच.

आता शॉर्टकटविषयी. चित्राच्या कोपऱ्यात लहानसा बाण असतो तो शॉर्टकट. तो म्हणजे फाट्यावरची पाटी, गाव नव्हे. धरणात गेलेले गाव नव्या गावठाणात वसले तरी जुन्या फाट्यावरची पाटी जुनीच वाट दाखवीत राहते. तद्वत् मूळ फाईल दुसरीकडे हलविली की शॉर्टकट कधीकधी मोकळ्या जागेकडे बोट दाखवितो. उजवी कळ, ‘प्रॉपर्टीज’, व ‘टार्गेट’ या रकान्यात तो कोठे नेतो ते वाचावे; मूळ फाईल शोधून नवा शॉर्टकट करावा व जुना पुसावा. पाटी पुसल्याने गाव जात नाही.

काही घरी अद्याप विंडोज ७ चे संगणक दिसतात, जरी त्याची देखभाल कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबविली. तेथे कोणी एखादा शॉर्टकटच ‘ओपन विथ’ने भलत्या प्रोग्रॅमला जोडून दिला, तर डेस्कटॉपवरील सर्व शॉर्टकटांची चित्रे एकसारखी होतात व कशावरही टिचकी मारली तरी तोच प्रोग्रॅम उघडतो. देखावा भयंकर, पण दोष एकाच नोंदीचा. रजिस्ट्रीत ‘फाईलएक्स्ट्स’खाली एलएनके या शेपटाच्या पोटातील ‘यूजरचॉइस’ ही नोंद पुसून संगणक पुन्हा सुरू केला की सर्व पूर्ववत होते. रजिस्ट्रीत मात्र जाणत्याच्या हातूनच हात घालावा, आणि त्यास ‘फॉरमॅट नको, ही नोंद पाहा’ असे स्पष्ट सांगावे.

पेन ड्राइव्हमधील सर्व फोल्डरांचे एका दिवसात शॉर्टकट झाले तर मात्र तो व्हायरस समजावा. ‘टार्गेट’मध्ये सीएमडी वा डब्ल्यूस्क्रिप्ट अशी अक्षरे दिसल्यास शंका उरत नाही. त्या शॉर्टकटावर टिचकी मारू नये. प्रथम विंडोज सिक्युरिटीकडून पेन ड्राइव्ह तपासावा. मग ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये लपलेल्या फाईली दाखविण्याची सूचना द्यावी व ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स’ ही खूण काढावी. खरे फोल्डर तेथेच फिकट रंगात दिसतात. त्यांतील फाईली दुसरीकडे उतरवून घेऊन मगच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा.

केंद्रातील शिक्षण परिषदेस जाताना डेस्कटॉपवरचा शॉर्टकटच पेन ड्राइव्हवर उतरवून नेणारे शिक्षकही थोडे नाहीत. तेथे फाईल उघडत नाही, कारण निकालपत्रक घरीच राहिलेले असते. निघण्यापूर्वी फाईलचा आकार पाहावा. एक-दोन केबी दिसले व कोपऱ्यात बाण असला, तर तो शॉर्टकट. उजव्या कळीने ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडावे, आणि तेथे जी फाईल दिसेल ती पेन ड्राइव्हवर उतरवावी.