घडीची करवत घेताना

आपल्या नाशिककडे एप्रिलची खरड छाटणी नि ऑक्टोबरची गोडी छाटणी कात्रीनेच होते. पण वाळलेला ओलांडा (हा शब्द कॉन्व्हेंटमध्ये नाही, मळ्यात शिकलो) किंवा डाळिंबाची जाड फांदी आली की कात्री हात टेकते. तिथे घडीची करवत हवी.

दुकानात आधी दाते बघा. ते मुठीकडे झुकलेले असावेत, म्हणजे करवत ओढताना कापते. वर्कशॉपमधला हॅकसॉ ढकलताना कापतो. त्याचं पातळ पातं वाकू नये म्हणून ते फ्रेममध्ये ताणून बसवावं लागतं, नाहीतर ऑयलरसाहेबांचं बकलिंग ठरलेलं! ओढताना पातं आपोआप ताणात राहतं, फ्रेम लागतच नाही. ओल्या लाकडाला दाते मोठे घ्या, बारीक दात्यांत ओला भुसा अडकतो.

मग खटका. मी पातं उघडून, दाते सांभाळून, मिटायच्या दिशेने दाबून बघतो. जरा जरी सरकलं तर ती करवत स्वस्तातही नको, ती बोटांवरच मिटणार.

जाड फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून. नाहीतर तिच्या वजनाने खोडाची साल सोलून निघते. डाळिंबावर तेल्या असेल तर दर झाडानंतर पातं सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, कारण रोग पात्यावरूनही पसरतो. काम संपलं की पातं धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवा. ते द्रावण लोखंडाला खातं.