ओढ्यातला बारका मासा काय काम करतो?

मंडळी, पाग ओढला की रोहू-कटला एका बाजूला, मरळ दुसऱ्या बाजूला, आणि तळाशी उरतो तो बारका. त्याला भाव नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी नीट बघतही नाही. आज त्याच्याबद्दलच लिहितोय.

दगडाला चिकटून राहणारा मळ्या सगळ्यांना माहीत आहे. त्याचं तोंड खालच्या अंगाला, हनुवटीखाली चकतीसारखा भाग. वाहत्या पाण्यात तो दगड धरून राहतो आणि वरचं शेवाळ खरवडून खातो. शास्त्रात त्याला 'गारा मुल्या' म्हणतात. १८३९ मध्ये कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा आपल्याच लोकांच्या तोंडचं नाव त्याने उचललं. मुऱ्याचंही तसंच!

आता एवढ्याशा माशाने खरवडून ओढ्याला काय फरक पडतो? अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात ब्रायर क्रीक नावाचा ओढा आहे. पाणी उतरलं की आपल्या ओढ्यासारखेच त्याचेही डोह सुटे होतात. काही डोहांत शेवाळ दाट, काहींत दगड लख्ख. १९८०च्या दशकात मेरी पॉवर आणि त्यांच्या सोबत्यांनी बघितलं, की लख्ख डोहांत शेवाळ खाणाऱ्या बारक्या माशांचे थवे आहेत आणि हिरव्या डोहांत बास नावाचा मोठा शिकारी मासा. मग त्यांनी एका हिरव्या डोहातून बास काढला, मधोमध जाळीची आड घातली आणि एकाच बाजूला बारके सोडले. पाच आठवड्यांत त्या बाजूचं शेवाळ उतरलं, दुसऱ्या बाजूला वाढलं. उलटंही केलं. लख्ख डोहात बास सोडला, तर बारके पळाले, काही खाल्ले गेले, उरलेले कडेच्या उथळ पाण्यात दबले, आणि डोह थोड्याच दिवसांत हिरवा व्हायला लागला.

म्हणजे डोहाचा रंग ठरवतो बारका. बास वाईट असं नाही, तोही ओढ्याचाच. आपल्या मरळीच्या धाकाने बारके असेच कडेला जात असतील, असं आम्हाला वाटतं.

शेवाळही हवंच, त्यातले किडे हे पुष्कळ माशांचं खाणं. पण उन्हाळ्यात ते फार माजलं तर रात्री पाण्यातला प्राणवायू तेच ओढून घेतं, कुजायला लागलं की आणखी कमी होतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं मारतात ते कित्येकदा यामुळेच. शिवाय माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, ते पाण्याला खतच. मळ्या खरवडतोही आणि खत घालतोही. आणि शेवटी तोच मरळ-वामेच्या पोटात जातो, हे तर सगळ्यांना ठाऊक.

म्हणून दोन गोष्टी आम्हाला खटकतात, आणि त्या आपल्यातलेच लोक करतात, हे बोलायला हवं. एक, चढणीच्या वेळी ओढ्याच्या तोंडावर मच्छरदाणीच्या कापडाचं आडवं जाळं. गाभोळीची मासळी वर जाण्याआधीच टोपलीत. दुसरी, एप्रिल-मेमध्ये उरलेल्या डोहात ब्लीचिंग पावडर. विष टाकून मासे मारायला १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे. पण कायद्याचं सोडा. त्या डोहात जे शिल्लक असतं तेच पुढच्या पावसाळ्याचं बियाणं. रोहू-कटल्याची बोटुकली विकत मिळतात. मळ्याची कुठून आणणार?

आपली हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते आणि संकेश्वरवरून पुढे घटप्रभेला मिळते. तिच्या उगमापाशीच २०२० मध्ये मुऱ्याच्या नात्यातला एक नवा मासा नोंदवला गेला, नाव 'शिस्तुरा हिरण्यकेशी'. बोटाएवढाही नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याच्यासाठी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. खालच्या ओढ्यांत आणखी काय काय आहे, ते आपल्यालाच ठाऊक.

तेव्हा दादांनो, ताईंनो, तुमच्या गावच्या ओढ्यात मळ्या, मुरे अजून दिसतात का? तुमच्याकडे त्यांना काय म्हणतात? आणि मे महिन्यापर्यंत पाणी टिकणारे डोह कोणते, ते गावाच्या नावासकट आम्हाला कळवा. चढण सुरू व्हायच्या आधी यादी करायची आहे.